आजोबांच्या पेटीतला तारा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत हट्ट्याला गेलो, तो एक काम अंगावर घेऊनच. आमच्या घराची मागची माळवदाची खोली आता उतरवायची असे धाकट्या भावाने ठरवले होते, आणि त्या खोलीत आबांची, म्हणजे आमच्या आजोबांची, लोखंडी पेटी होती. आबांना जाऊन तीस वर्षे झाली. तेवढ्या वर्षांत ती पेटी कोणी उघडली नव्हती आणि जागची हलवलीही नव्हती. भाऊ म्हणाला, "दादा, त्यात नुसते कागद हायेत. मला त्यातलं काही उमगत नाही, अन् फेकायला हात होत नाही. तुम्ही मास्तर माणूस, तुम्हीच बघा."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. जुने कागद म्हटले की आमच्या पेशातल्या माणसाचा हात आपोआप पुढे होतो. पण हे कागद काही एखाद्या मठातल्या बाडाच्या तोलाचे नव्हते. निजामाच्या अमलातल्या उर्दू पावत्या, सोसायटीच्या कर्जाची चोपडी, बियाण्यांच्या बिलांची चवड, आणि जाड पिवळ्या कागदात घडी घालून ठेवलेले एक प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर आमच्या घराच्या तीन पिढ्या उभ्या आहेत. मराठवाड्यातल्या जुन्या शेतकऱ्याला 'अडतीस ई' एवढे म्हटले की पुरते. हैदराबाद संस्थानाच्या १९५० च्या कुळ कायद्यातले हे कलम. त्याने कसणारे संरक्षित कूळ जमिनीचे मालक झाले.

त्या प्रमाणपत्राच्या घडीत आणखी एक कागद निघाला. वीतभर लांबीचे, कडा तांबूस झालेले एक छापील पत्रक. वर एक तारा, आणि त्याच्या खाली नाव : स्वतंत्र पक्ष.

वाचकहो, मी चकित झालो. हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातले गाव. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात मोडत असे. काळी जमीन, कापूस, जवारी, आणि आता सगळीकडे हळद. या मुलखात मी लहानाचा मोठा झालो. काँग्रेस पाहिली, शेतकरी कामगार पक्षाची नावे ऐकली, पुढच्या काळातले सगळे झेंडे पाहिले. पण स्वतंत्र पक्षाचे नाव घरात कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. राजेरजवाड्यांचा आणि गिरणीमालकांचा पक्ष म्हणून ज्याची ख्याती, त्याचा तारा एका कुळाच्या पेटीत, तेही त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोलाच्या कागदाच्या पोटात, कसा येऊन बसला?

ऐंशीव्या वर्षी बंड

हा पक्ष जन्मला तो एका ठरावाच्या विरोधातून, आणि तो ठराव झाला आपल्या नागपुरात. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. उद्याची शेती ही संयुक्त सहकारी शेती असेल, असे तिथे ठरले. शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनी एकत्र कराव्यात, मालकी कागदावर ज्याची त्याची राहावी, पण नांगर सर्वांचा मिळून एक चालावा, अशी ती कल्पना. जमीनधारणेला कमाल मर्यादाही घालायची होती. पंडित नेहरूंच्या मनातली ही योजना. तिला त्याच मंडपात उभे राहून विरोध करणारे एक गृहस्थ निघाले. त्यांचे नाव चौधरी चरणसिंग. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण गोष्टीच्या शेवटी ते पुन्हा यायचे आहे.

मंडपाबाहेर मात्र याहून मोठे वादळ उठले. चक्रवर्ती राजगोपालाचारी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल, मद्रासचे मुख्यमंत्री, गांधीजींचे व्याही. मिळायचे ते सारे मिळवून झालेला हा माणूस. या वयात माणसे आठवणी लिहितात. राजाजींनी नवा पक्ष काढला! जून १९५९ मध्ये मद्रासला त्याची घोषणा झाली, आणि ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवसांत मुंबईला पूर्वतयारीची परिषद भरली. म्हणजे बीज नागपूरला पडले आणि बारसे मुंबईला झाले. पक्षाच्या जन्मकथेत महाराष्ट्राचा वाटा एवढा मोठा.

सोबतीला माणसेही तोलाची होती. आंध्रचे शेतकरी पुढारी प्राध्यापक एन. जी. रंगा अध्यक्ष झाले. कन्हैयालाल मुन्शी होते. आणि मुंबईचे मिनू मसानी. या मसानींची गोष्ट मोठी मौजेची आहे. तिसाव्या दशकाच्या आरंभी नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे अशा तरुण मंडळींत समाजवादी पक्षाचा विचार शिजत होता, त्यात हे मसानीही होते. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. पुढे रशियातला अनुभव पाहून त्यांचे मन फिरले आणि पंचवीस वर्षांनी त्याच माणसाने समाजवादाच्या विरोधात दंड थोपटले.

पक्षाची एकवीस तत्त्वे होती. त्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येईल : सरकारने माणसाच्या मागे कमी लागावे. शेत शेतकऱ्याचे असावे, धंदा धंदेवाल्याचा असावा, आणि प्रत्येक गोष्टीला सरकारी शिक्का लागू नये. 'लायसन्स-परमिट राज' हा आज सर्रास वापरात असलेला शब्दप्रयोग राजाजींनी रूढ केला. शेवटचे, एकविसावे तत्त्व तर आपल्याकडच्या राजकारणात अपूर्वच म्हणायचे. या मूळ तत्त्वांपलीकडच्या कुठल्याही प्रश्नावर सभासदाने आपले मत खुशाल ठेवावे, असे त्यात म्हटले होते. पक्षादेशाच्या जमान्यात आज हे वाचताना गंमत वाटते.

पक्ष वाढलाही झपाट्याने. १९६२ च्या निवडणुकीत लोकसभेत अठरा जागा, १९६७ मध्ये चव्वेचाळीस. त्या वर्षी तो लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. ओरिसात त्याच्या नेतृत्वाखाली सरकार आले. गुजरातच्या विधानसभेत १६८ पैकी ६६ जागा मिळाल्या. आणि महाराष्ट्रात? १९६२ मध्ये शून्य. १९६७ मध्येही शून्य. ज्या भूमीत बीज पडले आणि बारसे झाले, तिथे पाळणा काही हलला नाही.

हे का झाले, याची उत्तरे अभ्यासकांनी पुष्कळ दिली आहेत. मला एक उत्तर आमच्या ओसरीवर मिळाले.

मालक चहाला आले

अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसून शेंगा फोडत होते. पंच्याहत्तरी झाली, पण नजर शाबूत आहे. पत्रक त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट करून बराच वेळ पाहिले आणि हसले. "आबांनी ठेवलं होतं व्हय हे अजून!" मग सांगू लागले.

बासष्टच्या निवडणुकीच्या आधीची, थंडीच्या दिवसांतली गोष्ट. अण्णा बारा वर्षांचे होते. आमची जमीन कायद्याच्या आधी ज्यांची होती, ते गृहस्थ एका सकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचे नाव मी घेत नाही. त्यांची नातवंडे आज आमच्या घरच्या लग्नात पंगतीला असतात आणि आम्ही त्यांच्या. तेव्हा सारे गाव त्यांना नुसते 'मालक' म्हणे. आबांच्या वडिलांनी आणि आबांनी मिळून त्यांच्या शेतात बटईने उभा जन्म काढला होता. पण मालकांनी आमच्या घराचा उंबरा कधी पाहिला नव्हता. आजीची तारांबळ उडाली. घरात कपबशी नव्हती, ती शेजारून आणली. मालक बाजेवर बसले. आबा उभेच. मालक म्हणाले, "बस की." आबा बसले नाहीत.

मालकांनी खिशातून हे पत्रक काढले. म्हणाले, आज सरकारने तुला जमीन दिली, उद्या तीच तुझ्या हातून काढून सोसायटीत घालील. तुझा बांध राहणार नाही, माझाही राहणार नाही. हा नवा पक्ष म्हणतो की शेत ज्याचे त्याचे राहिले पाहिजे. ताऱ्यावर शिक्का मार.

आबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मालक, गोष्ट खरी वाटते. पण तुमच्या तोंडून ऐकताना भेव वाटतं."

मालक चहा पिऊन गेले. आबांनी मत बैलजोडीला दिले आणि पत्रक जपून ठेवले. मी अण्णांना विचारले, "मत द्यायचं नव्हतं, तर कागद ठेवला कशाला?" अण्णा म्हणाले, "गोष्ट पटली होती रे. माणूस पटला नव्हता."

वाचकहो, या पक्षावर मी त्यानंतर जे जे मिळाले ते वाचले. पण त्याच्या अपयशाचे याहून नेमके निदान मला कुठे आढळले नाही.

भरलेली जागा

मराठवाड्याचा तो काळ डोळ्यांपुढे आणा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. १९५० मध्ये कुळ कायदा आला. म्हणजे आबांच्या पिढीने सरकार पाहिले ते दोन रूपांत. पहिले सरकार वेठ घेणारे. दुसरे जमीन देणारे. या दुसऱ्या सरकारला येऊन पुरती पंधरा वर्षे झाली नव्हती, तोच कोणी तरी येऊन सांगू लागला की सरकार फार मोठे झाले, त्याला आवरा! ज्याला सरकारने पहिल्यांदाच माणूस म्हणून मोजले, त्याला हे कसे पटावे?

ज्यांना पटत होते त्यांत संस्थानिक होते, जमीनदार होते, मोठे कारखानदार होते. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी विक्रमी मतांनी निवडून आल्या. पक्षाला त्यांचा पैसा आणि दबदबा मिळाला. आणि त्याच वेळी कुळाच्या मनातला विश्वास गेला. राजाजी स्वतः साधे राहत, रंगा तर शेतकऱ्यांच्या चळवळीतच वाढलेले. पण हट्ट्यापर्यंत राजाजी पोचले नाहीत, रंगाही पोचले नाहीत. पोचले ते मालक.

महाराष्ट्रात दुसरीही एक अडचण होती. १९५९ च्या त्या ऑगस्टमध्ये मराठी माणसाच्या डोक्यात संयुक्त महाराष्ट्राखेरीज दुसरा विषय नव्हता. १ मे १९६० ला राज्य झाले आणि यशवंतराव चव्हाणांनी जे राजकारण मांडले, त्याने स्वतंत्र पक्षाला शिरायला फट ठेवली नाही. नागपूर ठरावातली एकत्र नांगराची शेती इथे फारशी कोणी केलीच नाही. इथे सहकार आला तो वेगळाच. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थपंडिताला हाताशी धरून प्रवरेला साखर कारखाना काढला, त्यात ऊस ज्याचा त्याचा, शेत ज्याचे त्याचे, आणि कारखाना सर्वांचा. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. सोसायटी, कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद अशी शिडी उभी राहिली आणि हुशार शेतकऱ्याचा मुलगा तिच्यावरून चढू लागला. जमीन राखायची, घर सावरायचे, गावात पत वाढवायची, ही जी शेतकऱ्याची मुळातली सावध वृत्ती, तिला हवे ते सगळे काँग्रेसनेच देऊ केले. ती जागा रिकामी नव्हतीच.

गुजरातेत उलट घडले. तिथे पक्षाचे पुढारी होते भाईलालभाई पटेल, सगळ्यांचे भाईकाका. पेशाने इंजिनिअर. वल्लभ विद्यानगर हे विद्येचे गाव त्यांनी रानात उभे केलेले. शेतकऱ्यांनी त्यांच्या तोंडून तीच गोष्ट ऐकली आणि ती ऐकताना त्यांना भेव वाटले नाही. सहासष्ट जागांचे रहस्य बरेचसे इथे आहे.

जपानातला धडा

असाच एक खेळ त्याच सुमारास दूर जपानात चालला होता, आणि तो आपल्या विषयावर चांगला उजेड टाकतो. १९४५ मध्ये जपान शरण आला. त्या नोव्हेंबरात जुन्या पार्लमेंटातल्या मंडळींनी 'प्रगतिवादी पक्ष' काढला. नाव प्रगतीचे, माणसे सगळी जुन्या वळणाची. जानेवारी १९४६ मध्ये अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्या हुकमाने युद्धकाळातल्या पुढाऱ्यांना सार्वजनिक जीवनातून बाजूला करण्यात आले, आणि या पक्षाचे बहुतेक सारे सभासद एका फटक्यात बाद झाले. मार्च १९४७ मध्ये तो नवे नाव घेऊन 'लोकशाही पक्ष' झाला, आणि मग नावे बदलत, फुटत आणि जुळत दहा वर्षे काढली.

पण या दहा वर्षांत जपानच्या खेड्यात एक फार मोठी गोष्ट घडून गेली. १९४६ च्या कायद्याने सरकारने जमीनदारांच्या जमिनी विकत घेतल्या आणि कुळांना विकल्या. आधी जवळजवळ निम्मी शेती खंडाने कसली जात होती. नंतर ती दहावा हिस्सा उरली. चलन इतके घसरले होते की कुळाला द्यावी लागणारी किंमत नाममात्र झाली. हे परक्या सेनेच्या दबावाखाली झाले खरे. पण झाल्यावर तिथल्या सनातनी पक्षांनी ते उलटवण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी नव्या मालकाला हाताशी धरले, त्याच्या सहकारी संस्थांना बळ दिले, त्याच्या भाताला भाव दिला. नोव्हेंबर १९५५ मध्ये हे सनातनी पक्ष एक झाले, आणि त्या एकत्रित पक्षाने १९९३ पर्यंत सलग राज्य केले. त्याच्या मतांचा भक्कम पाया होता कालचे कूळ.

जमीन मिळालेला माणूस हा जगात सर्वांत सावध माणूस असतो. जपानी पुढाऱ्यांनी हे ओळखले. महाराष्ट्रात ते यशवंतरावांनी ओळखले. ज्या पक्षाने तत्त्व म्हणून शेतकऱ्याच्या मालकीचा झेंडा उभारला, त्याला मात्र शेतकऱ्याच्या दारापर्यंत जायला मालकाखेरीज दुसरा माणूस सापडला नाही.

आणखी एक पेच आहे, तो मला पेटीतल्या त्या दोन कागदांनीच दाखवला. १९६४ मध्ये घटनेची सतरावी दुरुस्ती झाली. जमिनीचे पुष्कळसे कायदे नवव्या परिशिष्टात घालून त्यांना कोर्टापासून संरक्षण दिले गेले. स्वतंत्र पक्षाने संसदेत तिला कडाडून विरोध केला. शेतकऱ्याची मालमत्ता सरकारच्या मर्जीवर जाईल, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे पोकळ नव्हते. त्याच दुरुस्तीत, कमाल मर्यादेच्या आतली स्वतः कसलेली जमीन घ्यायची तर बाजारभावाने मोबदला द्यावा लागेल, असे परंतुकही आहे. पण त्या परिशिष्टात जे कायदे गेले, त्यांत आमचा हैदराबादचा कुळ कायदाही होता. म्हणजे ज्या पक्षाचा तारा आबांनी जपला, तो पक्ष आबांच्या प्रमाणपत्राला मिळणाऱ्या कवचाच्या विरोधात उभा होता. आणि ते दोन्ही कागद एकाच घडीत!

सुरेगावची वाट

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले आणि १९७० मध्ये दावा जिंकलेले रुस्तम कूपर हे स्वतंत्र पक्षाचेच. कोर्टात जिंकले; निवडणुकीत हरले. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत चव्वेचाळीसच्या आठ जागा उरल्या. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजी गेले. १९७४ मध्ये पक्ष विलीन झाला. आणि कुणाच्या पक्षात? चौधरी चरणसिंगांच्या. नागपूरच्या मंडपात पहिला विरोध ज्यांनी केला त्यांच्याच घरी पंधरा वर्षांनी ही वरात जाऊन उतरली.

इथे गोष्ट संपली असे कोणालाही वाटेल. पण विचार काही पक्षाबरोबर मरत नाही. तो दुसरे तोंड शोधतो. हट्ट्याच्या पंचक्रोशीत तो आला तो शरद जोशींच्या तोंडून. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची मोठी नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला. १९८० मध्ये चाकणला कांद्याचे आंदोलन झाले आणि शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला गावोगावच्या सदऱ्यांवर दिसू लागला. आमच्याकडे कापसाचा प्रश्न होता. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. आपला कापूस शेतकऱ्याने सरकारी केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. शेत ज्याचे त्याचे, पण पीक सरकारच्या काट्यावर! राजाजी जे पंचवीस वर्षांपूर्वी सांगत होते, ते आता अण्णांना स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या गाठोड्यावर अनुभवाला येत होते.

डिसेंबर १९८६ मध्ये कापसाच्या आंदोलनात सुरेगावला गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. सुरेगाव आमच्याच जिल्ह्यातले. अण्णा त्या दिवशी घरी नव्हते. मी सात वर्षांचा होतो. मला आठवते ते एवढेच, की आईने चूल पेटवली नाही आणि आबा रात्रभर ओसरीवर कंदील घेऊन बसले होते. पहाटे अण्णा चालत आले. पायांत वहाणा नव्हत्या. आबांनी त्यांना काही विचारले नाही. नुसता तांब्या पुढे केला. अण्णांनी पाणी पिऊन सदऱ्यावरचा बिल्ला काढला आणि खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सदऱ्यावर होता.

गेल्या दिवाळीत अण्णांना मी विचारले, "मालकांनी सांगितलं ते आबांनी ऐकलं नाही, आणि तुम्ही तेच ऐकून गोळीच्या तोंडी गेलात. असं कसं?" अण्णा म्हणाले, "मालकांनी सांगितलं, सरकारपासून आपली जमीन वाचव. जोशीसाहेबांनी सांगितलं, तुझ्या घामाचा भाव माग. ह्यात फरक नाही का?"

फरक आहे. एकाच विचाराचे ते दोन टोक आहेत. पण एक टोक धरायला आधी काही तरी असावे लागते, आणि दुसरे ज्याच्याजवळ काही नाही त्यालाही धरता येते.

१९९४ मध्ये जोशींनी आपला राजकीय पक्ष काढला. नाव ठेवले स्वतंत्र भारत पक्ष; राजाजींची आठवण नावातच होती. मते फार मिळाली नाहीत. सभेला आलेला शेतकरी मतदानाच्या दिवशी भाऊबंदकी, जात आणि गावातला गट पाहूनच शिक्का मारी. २००४ मध्ये राजुऱ्याहून वामनराव चटप या पक्षाचे आमदार झाले. जोशी राज्यसभेत गेले. १२ डिसेंबर २०१५ ला त्यांचे निधन झाले.

आणि मूळच्या स्वतंत्र पक्षाची एक गंमत अजून राहिली. १९७४ मध्ये सगळा पक्ष विलीन झाला तेव्हा महाराष्ट्र शाखेने विलीन व्हायचे नाकारले! ज्या शाखेने विधानसभेत एक जागा जिंकली नव्हती, तिनेच पाटी उतरवली नाही. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात अशी अट आली की नोंदणी हवी असणाऱ्या पक्षाने समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी. या मूठभर मंडळींनी तसे लिहून द्यायला नकार दिला आणि १९९० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. निवडणूक जिंकण्याची आशा नसताना केवळ खोटी सही करायची नाही म्हणून कोर्टाची पायरी चढणारी माणसे आपल्या राजकारणात होऊन गेली, हे निदान नोंदवून ठेवले पाहिजे.

घडी

आता माझ्याविषयी. मी हा लेख लिहितो आहे तो सरकारी अनुदानाच्या पगारावर. माझी शिक्षणाची फी सवलतीत भागली. आबांना जमीन दिली सरकारने, मला नोकरी दिली सरकारने. सरकारने कमी असावे, हे मी कोणत्या तोंडाने म्हणू? उलट भावाकडे पाहतो. तो हळद लावतो आणि वसमतच्या मोंढ्यात विकतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्याचा त्याला अभिमान आहे. भाव चढला की तो म्हणतो, सरकारने मध्ये पडू नये. भाव पडला की म्हणतो, सरकार झोपले काय? मी त्याला हसलो. तो म्हणाला, "दादा, तुमचा पगार कधी पडतो का?" मी गप्प बसलो.

आबा कोणत्या बाजूचे होते, हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला. आता वाटते, तो प्रश्नच चुकीचा. त्यांनी दोन कागद एका घडीत ठेवले. एक सरकारने दिलेला आणि दुसरा सरकारपासून सावध राहा असे सांगणारा. पहिल्याचे उपकार ते विसरले नाहीत, दुसऱ्यातली भीती त्यांनी खोटी मानली नाही. पंधरा वर्षांत संपलेल्या त्या पक्षाला मत न देता त्याचा इशारा तेवढा त्यांनी ठेवून घेतला.

निघताना भाऊ म्हणाला, "ते जुनं पत्रक तुम्हाला लागत असलं तर न्या, तुमच्या अभ्यासाला." मोह झाला. पण मी ते पुन्हा अडतीस ईच्या घडीत घातले, दोन्ही कागद नव्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले आणि त्याच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितले. त्याचा मुलगा सातवीत आहे. तो पिशवीकडे पाहत होता. म्हणाला, "काका, हा तारा कशाचा हो?"

मी त्याला आजोबांकडे पाठवले. गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकावी, असे मला वाटले.